डांग आणि उंबरगाव : उत्तर सीमेवरचा भाषावाद

डांग जिल्हा आणि उंबरगाव तालुका या दोन मुलखांवर मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषिक समाजांनी स्वातंत्र्यानंतरच्या बारा वर्षांत हक्क सांगितला. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली, तेव्हा डांग पूर्णपणे आणि उंबरगाव बहुतांशी गुजरातेत गेले. बेळगाव, निपाणी, कारवारचा सीमाप्रश्न महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. उत्तर सीमेवरचा हा वाद मात्र जव्हार, मोखाडा, तलासरी, सुरगाणा, पेठ एवढ्या पट्ट्याबाहेर फारसा कुणाच्या स्मरणात नाही. त्याची कारणे वादाच्या स्वरूपातच आहेत. बेळगावात मराठी माणूस स्वतः आपल्या गावासाठी लढला. डांग-उंबरगावात दोन शेजारी भाषा लढल्या आणि ज्यांच्या भूमीसाठी लढल्या त्यांची मातृभाषा या दोहोंपैकी सरळसरळ कोणतीच नव्हती.

हा मुलूख सह्याद्रीच्या उत्तर टोकाचा. दमणगंगा, पार, अंबिका, पूर्णा या नद्या इथल्या डोंगरांत उगम पावतात आणि पश्चिमेला दमण, वलसाड, बिलिमोरा, नवसारीकडे समुद्राला मिळतात. पाऊस भरपूर, जमीन उताराची आणि खडकाळ. नागली, वरई, खुरासणी, उडीद ही पिके, आणि पावसाळा सरला की वीटभट्ट्या, मिठागरे, बागा, ऊसतोडणी यांसाठी स्थलांतर. जव्हारच्या घाटातून उत्तरेला गेले की नगर हवेली, तिच्या पलीकडे धरमपूर, त्याच्याही पलीकडे वांसदा आणि डांग. राज्यांच्या सीमा बदलल्या तरी डोंगराची रांग एकच राहते आणि माणसेही तीच राहतात : वारली, कोकणा, भिल्ल, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, धोडिया, दुबळा. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत आदिवासींचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे, डांगमध्ये ते नव्वदच्याही वर.

या लोकांची बोली हा सगळ्या वादाचा कणा असल्यामुळे ती नीट पाहावी लागते. वारली बोलीचा सांगाडा मराठीचा आहे, पण किनाऱ्याकडे सरकावे तशी तिच्यात गुजरातीची भर पडत जाते. कोकणा बोली नाशिकच्या पेठ-सुरगाण्यापासून धरमपूर-वांसद्यापर्यंत चालते आणि दर वीस-पंचवीस कोसांवर थोडे वळण घेते. डांगी बोलीत खानदेशीचा अंश ठळक आहे. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात ती भिल्ली आणि खानदेशी बोलींच्या खंडात येते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा मराठी आणि गुजराती यांच्यामधला संक्रमणाचा पट्टा आहे. तिथे एका गावात मराठी संपते आणि पुढच्या गावात गुजराती सुरू होते असे कुठेही घडत नाही. सीमा आयोगांना आणि नेत्यांना मात्र नकाशावर रेघ हवी होती.

संस्कृतीचा पुरावाही असाच दोन्हीकडे जातो. मोखाड्याचा बोहाडा आणि डांगमधला भवाडा ही एकाच मुखवटा-परंपरेची रूपे आहेत. तारपा दोन्हीकडे वाजतो. वाघदेव, हिरवा देव, कणसरी यांची पूजा राज्याची हद्द पाहून होत नाही. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर सुरत-वलसाडकडचे भाविक येतात, डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेला गुजरातेतली कुटुंबे येतात. सोयरिकी तर सर्रास हद्दीपलीकडे होतात. मराठी बाजूने यातला एक भाग उचलला, गुजराती बाजूने दुसरा. दोघांचेही निवडक पुरावे खरे होते. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र दोघांचाही अपुरा होता.

राज्यकारभाराचा इतिहास आणखी गुंतागुंतीचा आहे. जव्हारला महादेव कोळ्यांच्या मुकणे घराण्याचे संस्थान होते. घराण्याच्या परंपरेप्रमाणे चौदाव्या शतकात दिल्लीच्या सुलतानाने त्यांच्या सत्तेला मान्यता दिली. जव्हारचा दरबार आणि दप्तर मराठी. तरीही १९३३ साली ब्रिटिशांनी एजन्सींची फेरमांडणी केली तेव्हा जव्हार आणि सुरगाणा ही दोन्ही संस्थाने गुजरात स्टेट्स एजन्सीत घातली गेली. मोखाडा त्या वेळी ब्रिटिश मुलखात, ठाणे जिल्ह्यात होता. जव्हार संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्याला जोडले गेले, सुरगाणा नाशिकला, धरमपूर आणि वांसदा सुरतेला. म्हणजे भाषावार प्रांतरचनेची चर्चा ऐन भरात येण्याच्या आधीच प्रशासकीय सोयीने अर्धी वाटणी उरकली होती. जव्हारच्या बाबतीत ती मराठीकडे झाली आणि पुढे कुणी तिला आव्हान दिले नाही. त्याच डोंगराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या डांगचे मात्र तसे झाले नाही.

डांगमध्ये एक राजा नव्हता. गाढवी, आमाला, वासुर्णा, पिंपरी अशा छोट्या भिल्ल राजांच्या आणि नाईकांच्या ताब्यात हा प्रदेश होता. इथल्या सागवानी जंगलासाठी १८४२ मध्ये ब्रिटिशांनी या राजांशी करार केले आणि जंगल भाडेपट्ट्याने घेतले. राजांना दरवर्षी मिळणारी रक्कम आजही आहवा या डांगच्या मुख्य गावी भरणाऱ्या डांग दरबारात समारंभपूर्वक दिली जाते. सुरुवातीला डांगचा कारभार खानदेशच्या कलेक्टरकडे होता, पुढे तो सुरतेकडे गेला. खानदेशकडून आले ते मराठी शिक्षक आणि कारकून, सुरतेकडून आले ते गुजराती व्यापारी, जंगल ठेकेदार आणि गांधीवादी आश्रमांचे कार्यकर्ते. दोन्ही प्रवाहांनी डांगच्या भाषिक ओळखीवर आपापला दावा नोंदवला.

वादाला धार आली ती १९४९ मध्ये. मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी त्या वर्षी डांगचा दौरा केला. प्राथमिक शाळांत मराठी शिकवावी की गुजराती, हा तातडीचा प्रश्न होता. डांगी लोक मराठीच्या जवळची भाषा बोलतात, असे खेरांचे मत पडले. त्याविरुद्ध गुजरातेत प्रतिक्रिया उमटली. गुजराती नेते इंदुलाल याज्ञिक स्वतः पाहणीसाठी डांगला गेले. गुजराती सभेच्या समितीने डांगचे नाते गुजरातशी असल्याचा निष्कर्ष काढला. वेगळ्या गुजराती राज्यासाठीच्या महागुजरात चळवळीच्या आरंभीच्या प्रश्नांत डांग होता, हे मराठी वाचकाने ध्यानात घ्यायला हवे. संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूला मुंबईचे जे स्थान, तेवढे मोठे नाही, पण त्याच जातीचे भावनिक स्थान गुजराती चळवळीत डांगला मिळाले.

शाळा हेच या वादाचे खरे रणांगण ठरले. पाठ्यपुस्तक मराठीत आले की पुढच्या जनगणनेत मातृभाषेच्या रकान्यात मराठी लिहिली जाण्याची शक्यता वाढते, गुजरातीत आले की गुजराती. आणि जनगणनेच्या आकड्यांवरच प्रांताची हद्द ठरणार होती. गणना करणारा कारकून कोणत्या भाषेचा आहे, त्याने 'डांगी' हे उत्तर कोणत्या मोठ्या भाषेखाली मोजले, यावर हजारो माणसांची भाषिक ओळख ठरली. घरात डांगी बोलणाऱ्या मुलाला शाळेत दोन्ही पर्याय परकेच होते. त्याच्या बोलीतून पहिली इयत्ता सुरू करावी, असा आग्रह त्या काळात दोन्ही बाजूंच्या मुख्य मागण्यांत कुठे दिसत नाही. या वादातली ही सर्वांत मोठी उणीव आहे, आणि तिचा दोष मराठी नेतृत्वावरही तितकाच येतो.

उंबरगावचे प्रकरण वेगळे आहे. उंबरगाव ठाणे जिल्ह्यातला किनाऱ्यावरचा तालुका. पारशी समाज भारतात आला तेव्हा ज्या संजाणला उतरला असे परंपरा सांगते, ते संजाण याच तालुक्यातले. किनारपट्टीला आणि बाजारपेठांत गुजराती बोलली जात होती. पूर्वेच्या डोंगराळ गावांत वारली राहत. जमीनमालक, सावकार, गवत आणि लाकडाचे व्यापारी बहुतेक गुजराती, मारवाडी, पारशी किंवा इराणी, आणि राबणारा वारली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायकोने आयुष्यभर मालकाकडे राबण्याची लग्नगडीची चाल इथलीच. वेठ तर रोजचीच.

या अन्यायाविरुद्धचे बंड भाषेच्या नावाने उभे राहिले नाही. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन झाले. २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगार व लग्नगडी बंद करण्याचा निर्धार झाला. किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकर यांचे नेतृत्व त्यामागे होते. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा इथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. या लढ्याची हकीकत गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितली आणि त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. झरी परिषदेनंतर बारा वर्षांनी, १९५७ च्या निवडणुकीत शामराव परुळेकर ठाण्यातून लोकसभेवर गेले ते संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत. तोवर वारल्यांचा जमिनीचा लढा आणि मराठी राज्याचा लढा या भागात एकमेकांत मिसळले होते. मालक गुजराती आणि कूळ मराठी-जवळच्या बोलीचे, या वस्तुस्थितीमुळे उंबरगावातला मराठी दावा डांगपेक्षा अधिक मुळाशी गेलेला होता. तरीही तो अख्ख्या तालुक्याला लागू पडत नव्हता. किनारा आणि डोंगर यांची भाषा खरोखरच निराळी होती.

राज्य पुनर्रचना आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल दिला. न्यायमूर्ती फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर या तिघांच्या आयोगाने मराठी आणि गुजराती प्रदेशांचे द्वैभाषिक राज्य सुचवले आणि विदर्भ वेगळा ठेवला. पुढची उलथापालथ सर्वज्ञात आहे. मुंबईतले गोळीबार, १९५६ च्या ऑगस्टमधला अहमदाबादचा गोळीबार, फेब्रुवारी १९५६ मध्ये स्थापन झालेली संयुक्त महाराष्ट्र समिती, त्याच वर्षी उभी राहिलेली महागुजरात जनता परिषद, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भासह अस्तित्वात आलेले विशाल द्वैभाषिक. १९५७ च्या निवडणुकांनी हे राज्य लोकांना नको असल्याचे दाखवले. दोन्ही चळवळींचे नेते द्वैभाषिक मोडण्याबाबत एकमताने बोलत होते. डांग आणि उंबरगावचा विषय निघाला की हे ऐक्य तुटत असे.

१९६० च्या एप्रिलमध्ये संसदेने मुंबई पुनर्रचना कायदा मंजूर केला. त्यात डांग जिल्हा गुजरातला दिला गेला. उंबरगाव तालुक्यातली ५० गावे सुरत जिल्ह्याला जोडली गेली, डोंगराकडची उरलेली गावे ठाणे जिल्ह्यात राहिली. आजचा तलासरी तालुका त्यांतूनच घडला, आणि झरी त्यामुळे महाराष्ट्रात राहिली. पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा तालुक्यांतली १५६ गावेही गुजरातेत गेली. तापीवरच्या नियोजित उकाई धरणाच्या बुडिताचा विचार त्यामागे होता. धरणाखाली जमिनी गेलेल्या आदिवासींची कहाणी भाषावादाच्या लिखाणात सहसा येत नाही. ती इथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण सीमा ठरवताना भाषेइतकेच पाणी आणि जंगल यांचेही वजन होते, हे तिच्यावरून कळते. डांगचे सागवान हे त्याचेच दुसरे उदाहरण.

मुंबई मिळाल्याच्या आनंदात महाराष्ट्राने डांग-उंबरगावचा दावा मागे घेतला. संयुक्त महाराष्ट्र समितीतल्या अनेकांना ते रुचले नाही. बेळगाव-कारवार राहिले आणि उत्तरेचेही गेले, ही टीका तेव्हाच्या नेतृत्वावर झाली. पण बेळगावप्रमाणे डांगमध्ये महाराष्ट्रात येण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या चालणारी लोकचळवळ उभी राहिली नाही. तशी चळवळ चालवायला लागणारा मराठी शिकलेला मध्यमवर्ग तिथे नव्हता. सामान्य डांगीला जंगलातली शेती, मोह आणि वनखात्याचा जाच हे प्रश्न राज्याच्या नावापेक्षा जवळचे होते.

नगर हवेलीचा निकाल याच सुमारास, पण वेगळ्या मार्गाने लागला. १७७९ च्या तहानंतर पेशव्यांनी पोर्तुगीजांना या भागातल्या गावांचा महसूल दिला आणि १७८३ व १७८५ मध्ये गावे त्यांच्या हाती आली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स, आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते आणि कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालचे आदिवासी यांनी दादरा, नरोली आणि सिल्वासा मुक्त केले. पोर्तुगालने दमणहून हवेलीकडे जाण्याच्या वाटेचा हक्क मागत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल आला : नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यासाठी वाट मान्य, सैन्यासाठी नाही, आणि भारताने कोणत्याही कर्तव्याचा भंग केलेला नाही. मुंबई राज्याची वाटणी तीन आठवड्यांवर आली असतानाच हा निकाल लागला. १९६१ मध्ये दादरा नगर हवेली कोणत्याही भाषिक राज्याला न जोडता केंद्रशासित केली गेली. २०२० पासून ती दमण-दीवबरोबर एका केंद्रशासित प्रदेशात आहे. तिथे मराठी आणि गुजराती दोन्ही माध्यमांच्या शाळा चालत आल्या आहेत. वादग्रस्त पट्ट्यात हा एक तिसरा मार्गही होता, हे त्यावरून दिसते.

जगात याच प्रकारच्या वादाने किती भीषण वळण घेतले, हे कोसोव्होच्या उदाहरणावरून कळते. १३८९ च्या कोसोव्होच्या लढाईची आठवण आणि पेच, देचानी, ग्राचानित्सा यांसारखे मठ यांमुळे सर्बियन लोकांना ही भूमी आपली पवित्र भूमी वाटते. विसाव्या शतकात तिथे बहुसंख्य अल्बेनियन होते, आणि त्यांच्या राष्ट्रीय चळवळीचा आरंभही १८७८ च्या प्रिझरेन संघापासून याच भूमीत झाला. १९१२ मध्ये सर्बियाने हा प्रदेश घेतला. युगोस्लाव्हियाच्या १९७४ च्या राज्यघटनेने दिलेली व्यापक स्वायत्तता १९८९ मध्ये काढून घेतली गेली. त्यानंतर अल्बेनियन शिक्षकांनी घराघरांत समांतर शाळा चालवल्या. १९९८-९९ च्या युद्धात आठ लाखांहून अधिक अल्बेनियन देशाबाहेर हाकलले गेले. नाटोने ७८ दिवस बॉम्बफेक केली, आणि युद्ध संपल्यावर सर्बांनी मोठ्या संख्येने घरे सोडली. १७ फेब्रुवारी २००८ रोजी कोसोव्होने स्वातंत्र्य जाहीर केले. सर्बियाने ते मान्य केलेले नाही, भारतानेही नाही. मित्रोवित्सा शहरात इबार नदीच्या उत्तरेला सर्ब आणि दक्षिणेला अल्बेनियन अशी फाळणी आजही आहे.

डांग आणि कोसोव्हो यांची तुलना प्रमाणाच्या दृष्टीने होऊ शकत नाही. पण यंत्रणा तीच दिसते : जुन्या राज्यांच्या आठवणी, जनगणनेचे आकडे, आणि शाळेची भाषा. फरक दोन ठिकाणी पडला. मराठी आणि गुजराती या दोन्ही बाजू एकाच संघराज्यात होत्या. त्यामुळे हरलेल्या बाजूचे नागरिकत्व, मताधिकार, जमीन काही गेले नाही. आणि हक्क सांगणारे दोन्ही समाज मुख्यतः त्या भूमीच्या बाहेर राहत होते, म्हणून शेजारी शेजाऱ्यावर उठला नाही. शांततेचे हे श्रेय मोठे आहे. पण कोसोव्होतल्या अल्बेनियनांकडे निदान आपल्या भाषेतली शाळा उघडण्याइतके शिक्षक होते. डांगी मुलाकडे तेही नव्हते.

रेघ ओढून झाल्यावर दोन्हीकडच्या राज्यांनी आदिवासींसाठी काय केले, हा पुढचा भाग आहे. महाराष्ट्राच्या बाजूला राहिलेल्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला १९९२ मध्ये कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाणा तालुक्यातल्या सीमेलगतच्या काही गावांतल्या ग्रामस्थांनी रस्ते, पाणी, आरोग्य यांच्या अभावाला कंटाळून गुजरातेत सामील करण्याची मागणी केली. बेळगावच्या मराठी माणसाने महाराष्ट्र मागितला तो भाषेसाठी. सुरगाण्याच्या माणसाने गुजरात मागितला तो पलीकडच्या गावात दवाखाना आणि डांबरी रस्ता दिसतो म्हणून. त्याला भाषाद्रोही ठरवणे हा अन्याय आहे. तलासरीच्या वेवजी आणि उंबरगावच्या सोळसुंबा या गावांमध्ये हद्दीवरून कुरबुरी चालू आहेत. त्या गावपातळीच्या आहेत, आणि मोजणीने सुटण्याजोग्या आहेत.

आता वादाचा विषय पाणी आहे. ३ मे २०१० रोजी महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्र सरकारने दमणगंगा-पिंजाळ आणि पार-तापी-नर्मदा या दोन नदीजोड प्रकल्पांबाबत सामंजस्य करार केला. पहिल्याचे पाणी मुंबईला आणि दुसऱ्याचे गुजरातला असा त्यांचा आराखडा. पहिल्या प्रकल्पातल्या खारगीहिल धरणाची जागा जव्हार तालुक्यात वाघ नदीवर आहे. दोन राज्यांत पाण्याच्या वाट्यावरून वाद होत राहिला, पण बुडिताची भीती दोन्हीकडच्या आदिवासींना सारखीच होती. डांग, धरमपूर, वांसदा इथे २०२२ मध्ये मोठी आंदोलने झाली आणि गुजरात सरकारला पार-तापी-नर्मदा प्रकल्प रद्द करत असल्याचे जाहीर करावे लागले. १९४९ मध्ये ज्यांच्या वतीने इतरांनी बोलणी केली, त्यांनी या वेळी स्वतः मोर्चे काढले.

डांग परत मिळवावे अशी मागणी आज महाराष्ट्रातला कोणताही प्रमुख पक्ष करत नाही, आणि ती करण्याचे कारणही नाही. वारली, कोकणा आणि डांगी यांपैकी एकही बोली मात्र आठव्या अनुसूचीत नाही आणि दोन्ही राज्यांत राजभाषा नाही. आहव्यातले मूल गुजरातीतून आणि मोखाड्यातले मूल मराठीतून पहिलीला बसते.